डावीकडची बाई

माझ्या उजव्या डोळ्याभोवती एक काळपट कडं आहे. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला रबराची एक वाटी असते, तिच्यात वर्षानुवर्षं डोळा खुपसून ठेवल्यानं ते पडलंय. लग्न झालं तेव्हा बायको खोबरेल तेल चोळून ते घालवायला बघायची. पुढे तिनं नाद सोडला आणि मला त्याचा अभिमान वाटायला लागला. सिनेमाचं छायाचित्रण करणारा माणूस म्हणजे एक उजवा डोळा आणि एक उजवा खांदा, बाकीचा देह नुसता जेवणापुरता, असं मी चारचौघांत म्हणत असे. लोक हसायचे. तो डोळा गेला तर मी केडगावच्या चौकात बाकड्यावर बसणारा आणखी एक म्हातारा, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण डोळे जातात ते दुसऱ्यांचे, असं आपण धरूनच चालतो.

आमच्या घरात गेलेले डोळे होते ते अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे. ते पुढच्या खोलीत खाटेवर बसून असतात. दार उघडं आहे की बंद, एवढंच त्यांना आता उजेडावरून कळतं. मोतीबिंदू काढून झाला, तरी पुढचं काही उजळलं नाही. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. आम्ही म्हणालो, वय झालं, आणि तो विषय तिथंच मिटला. आई होती तोवर त्यांना हसायची, कारण नजर जायच्या कितीतरी आधीपासून ते मान वाकडी करून बघायचे. ‘कोंबडीगत काय बगता,’ म्हणायची. आमच्या जुन्या घराच्या दाराला डाव्या बाजूला त्यांचा खांदा इतक्या वेळा घासला होता की तिथला रंग उडून आतलं लाकूड दिसायचं. आईबरोबर आम्ही पोरंही हसायचो.

गेल्या हिवाळ्यात नेवाशाकडे एका सिनेमाचं काम मिळालं. गोष्ट एका पोस्टमनची होती. नोकरी संपल्यावरही तो रोज रिकामी पिशवी घेऊन गावात हिंडतो आणि लोकांची दारं वाजवतो. दिग्दर्शिका पुण्याची, माझ्या मुलीहून थोडीशीच मोठी, पण डोक्यानं पक्की. सगळे तिला मॅडम म्हणायचे, मीही म्हणायचो. तिची एक अट होती की सेटवर मॉनिटर ठेवायचा नाही. पडद्यासमोर खुर्च्या टाकून दहा माणसं बसली की नटाकडे कुणी बघतच नाही, असं तिचं म्हणणं. ती लेन्सच्या शेजारी स्टुलावर बसायची आणि नुसत्या डोळ्यांनी नटाकडे बघायची. चित्रित झालेलं आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत बघायचो. म्हणजे शॉट चालू असताना चौकटीत काय आहे नि काय नाही, हे एकट्या मलाच दिसत होतं. पूर्वी रिळावर काम व्हायचं तेव्हा असंच असायचं. कॅमेरामन ‘ओके’ म्हणाला की ओके, कुणाची टाप नव्हती उलट बोलायची. ते दिवस परत आल्यासारखं वाटलं आणि मी जरा फुगलोच.

फोकस ओढायला माझा जुना सोबती होता. नट पुढेमागे सरकला की त्याच्या बेतानं लेन्सवरची कडी फिरवत राहायची, म्हणजे त्याचा चेहरा धूसर होत नाही, हे त्याचं काम. तो नगरचा, त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आणि याची बोटंही तशीच. मी त्याला मियाँ म्हणतो, तो मला दादा. त्याच्यासमोर तळहाताएवढा पडदा असतो, पण त्यात तो नटाचा डोळा तेवढा मोठा करून ठेवतो. कडेला हत्ती येऊन उभा राहिला तरी त्याला पत्ता लागायचा नाही.

आम्ही दोघं लग्नाच्या व्हिडिओपासून सुरुवात केलेली माणसं. नगरात एका उस्तादांचा स्टुडिओ होता, त्यांच्या हाताखाली शिकलो. उस्तादांचा पहिला नियम म्हणजे टेकच्या आधी चार कोपरे. वरचा डावा, वरचा उजवा, खालचा उजवा, खालचा डावा, अशी नजर फिरवून मगच बटण दाबायचं. एकदा टेक सुरू झाला की नजर माणसाच्या चेहऱ्यावर ठेवायची, कडांकडे बघायचं नाही. कडा आपोआप कळतात. पोळ्या लाटणाऱ्या बाईला शेगडीवरचं दूध वर आलेलं कळतं, तसं. दुसरा नियम म्हणजे डावा डोळा मिटायचा नाही. ‘बेटा, एक डोळा चित्राला दे, एक दुनियेला ठेव,’ असं ते सांगायचे. पहिला नियम मी आयुष्यभर पाळला. दुसरा मला कधी जमलाच नाही. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसली की माझं कपाळ दुखायला लागतं. मी डावा डोळा घट्ट मिटूनच काम करत आलो आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

पहिल्याच आठवड्यात शेळी निघाली.

गावाबाहेर एक जुनं दगडी गोदाम होतं. त्याच्या बंद दारासमोर पोस्टमन उभा राहतो आणि दार उघडायची वाट बघतो, असा शॉट होता. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या टेम्पोला आतून काळं कापड लावून आम्ही तो बघायला बसलो. पोस्टमन उभा आहे, ऊन छान पडलंय, आणि डावीकडून एक शेळी सावकाश आत आली, उभी राहिली, रवंथ करायला लागली. मी उडालो. शॉट घेताना शेळी नव्हती. बाहेर येऊन गर्दी सांभाळणाऱ्या माणसाला मी असा काही झाडला की बास. तो बिचारा म्हणाला, ‘साहेब, शेळी तर समद्यांनी बगितली. आमाला वाटलं तुमालाच पायजे.’ मॅडम हसल्या. म्हणाल्या, ‘राहू द्या हो. गावात शेळ्या असतातच.’

मग एका शॉटमध्ये सायकल निघाली. मग एका माणसाची लांब सावली, आली आणि गेली. प्रत्येक वेळी डावीकडूनच. प्रत्येक वेळी टेकच्या आधी मी चार कोपरे बघितलेले, आणि प्रत्येक वेळी टेक संपेपर्यंत मला मोकळी भिंत दिसलेली. माझा स्वभाव मुळात तापट. त्या दिवसांत तर कुणी चहा आणला तरी मी वसकन अंगावर जायचो. माणसं माझ्या कॅमेऱ्यापासून चार हात लांब चालायला लागली. गोदामात पूर्वी कुणीतरी फास घेतला होता, अशी बातमी जेवणाच्या ओळीत फिरू लागली. प्रत्येक जुन्या गोदामात कुणीतरी फास घेतलेला असतोच. टेम्पोच्या ड्रायव्हरनं एके सकाळी कॅमेऱ्याच्या पुढच्या काळ्या चौकटीला लिंबू-मिरची बांधून ठेवली. मी ती ओढून काढली आणि नदीच्या बाजूला भिरकावली. लिंबू गडगडत गेलं, ते किती लांब जातंय हे सगळे बघत राहिले.

खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती. कशाची, ते धड कळत नव्हतं. रोज दुपारी काळ्या कापडाआड बसायची वेळ आली की मी टेम्पोबाहेरच घुटमळायचो. आज डावीकडून काय येणार?

एक दिवस बाई आली.

पोस्टमन गोदामाच्या पायरीवर बसतो, पिशवी उलटी करतो आणि झाडतो. नुसती धूळ पडते. एवढाच शॉट, पण लांबलचक, आणि कॅमेरा माझ्या खांद्यावर. ऊन उतरणीला लागलं होतं. उन्हात ती धूळ अशी उडाली की श्वास धरून मी टेक संपवला आणि माझ्याच तोंडून ‘वा’ निघालं. इतक्या वर्षांत असे शॉट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळाले असतील. दुसऱ्या दिवशी टेम्पोत तो पडद्यावर आला. पोस्टमननं पिशवी उचलली. डावीकडून एक बाई चौकटीत आली. फिकट हिरवं लुगडं, डोक्यावर गवताचा भारा. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं सरळ लेन्समध्ये बघितलं, म्हणजे माझ्याकडे. धूळ उडाली, खाली बसली, शॉट संपला, तरी ती बघतच होती.

तिथं मी भिंत बघितली होती. कोणत्या दगडाचा टवका उडालाय, कोणत्या सांध्यात गवत उगवलंय, हे मी डोळे मिटून सांगू शकलो असतो.

‘ही बाई तुम्ही कधी ठरवलीत?’ मॅडमनी विचारलं. ‘मला वाटलं, शॉट संपल्यावर विचारावं, मग विसरले. पण काय मांडलंय हो! तो आपल्याच नादात, आणि ही आपल्याला जाब विचारतेय.’

मियाँनं माझ्याकडे बघितलं. त्यानं ठरवलेली नव्हती, मी ठरवलेली नव्हती, हे त्याला माहीत होतं.

‘कोपरा मोकळा होता,’ मी म्हणालो. ‘बाई नव्हतीच तिथं.’

आणि ते बोलल्याबरोबर माझ्या लक्षात आलं, ते वाक्य माझं नव्हतं. मी ते लहानपणी ऐकलेलं होतं.

मी शाळेत असताना आम्ही सुप्याजवळच्या एका गावात राहायचो. अण्णा दुधाचा टेम्पो चालवायचे. गावोगावचे कॅन गोळा करायचे आणि सकाळच्या सकाळी डेअरीवर पोचवायचे. एका सकाळी वळणावर एक बाई टेम्पोखाली आली. गवताचा भारा घेऊन ती रस्त्याच्या डाव्या कडेनं चालली होती आणि ओलांडायला म्हणून वळली. लख्ख उजेड होता. ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा रस्त्यावर नव्हती. बाई जागच्या जागी गेली. अण्णा खाली उतरले आणि पहिलं वाक्य बोलले, ते जमलेल्या सगळ्यांनी ऐकलं. ‘रस्ता मोकळा हुता. बाई न्हवतीच तितं.’

बाई समोर पडलेली असताना असं म्हणणाऱ्या माणसाचं लोकांनी काय करावं? एक तर तो खोटारडा, नाहीतर प्यालेला. अण्णा बाजारच्या दिवशी थोडी घ्यायचे, हे गावाला माहीत होतं. तो बाजारचा दिवस नव्हता, हे कुणी लक्षात घेतलं नाही. त्या बाईला नवरा होता, लेकरं होती. ती माणसं दारात येऊन बसायची, ओरडायची नाहीत, नुसती बसायची. आईनं अण्णांना देवाची शपथ घातली, खरं काय ते सांगा म्हणून. पुष्कळ दिवस ते ‘रस्ता मोकळा हुता’ एवढंच म्हणत राहिले. शेवटी देवळापुढे बैठक बसली, आणि तिथं त्यांनी मान खाली घालून सांगितलं, ‘व्हय. घेतली हुती.’ सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कोर्टातही त्यांनी तेच सांगितलं. आत जाऊन आले, टेम्पो विकला, आणि पुढे सुप्यातल्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले. शाळेत पोरं मला दारुड्याचं पोरगं म्हणायची. मी दोघाचौघांना बदडलं, मग तेही सोडून दिलं. ‘रस्ता मोकळा हुता’ हे वाक्य मात्र अण्णांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही.

ते त्या दुपारी कॅमेऱ्याच्या टेम्पोत माझ्या तोंडून निघालं.

मी त्या बाईला शोधायला निघालो. मियाँ मागं आला. गोदामाच्या मागं पाचसहा घरांची वस्ती होती. तिथं ओट्यावर ती शेंगा निवडत बसली होती. तेच हिरवं लुगडं. खरी बाई, पायाला भेगा, दात पुढं आलेले. भूत असतं तर बरं झालं असतं. भुताला निदान उतारा असतो.

‘मावशी, काल तुम्ही भारा घेऊन गोदामापाशी आला होता का?’

‘आल्ते की.’ ती शेंगा निवडत म्हणाली. ‘तुमचं चाललं हुतं, म्हून हुबी ऱ्हायले. म्हनलं जावं का न्हाई. तुमी माज्याकडंच त्वांड करून हुता. तुमाला इचारलं बी हातानं, जाऊ का म्हून. तुमी काईच बोलना. मंग हुबीच ऱ्हायले. भाऱ्यानं मान मोडली माजी.’ मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, ‘का वो? काय चुकलं का माजं?’

‘नाही मावशी. तुमचं काही नाही.’

परत येताना वाटेत मियाँ म्हणाला, ‘दादा, खोटं नाय बोलनार. मला आठवडा झाला वाटतंय.’

‘काय वाटतंय?’

‘डोळा दाखव.’

मी त्याला शिवी दिली. त्यानं ती खाली पडू दिली. गोदामात जेवणाच्या वेळेला कुणी नव्हतं. मी कॅमेरा तिपाईवर चढवला, समोरच्या भिंतीतल्या एका खिळ्यावर नजर लावली आणि डावा डोळा मिटला. मियाँला म्हटलं, थर्माकोल घे. उन्हाचा उजेड नटाच्या तोंडावर परतवायला आम्ही थर्माकोलचा पांढराशुभ्र मोठा तक्ता वापरतो, दारावर ठेवला तर दार झाकेल एवढा. तो घेऊन डावीकडून ये, हळूहळू, आणि बोलू नकोस.

मी खिळ्याकडे बघत राहिलो. भिंत दिसत होती. तिची काळी वाळलेली शेवाळाची रेघ दिसत होती. बराच वेळ झाला.

‘येतोयस का?’

‘उभाय ना केव्हाचा,’ तो चौकटीच्या आतून म्हणाला.

मी नजर हलवली नाही. आवाज भिंतीतून आला होता. पांढरा थर्माकोल, त्यामागं माझा पन्नाशीतला, पोट सुटलेला मित्र, सगळं भिंतीनं गिळलं होतं, आणि वरून ती शेवाळाची रेघ सलग पुढं गेलेली. काळं काही नव्हतं. भोक नव्हतं. माझा डोळा तिथं भिंत काढून दाखवत होता. मग मी व्ह्यूफाइंडर सोडला, खिळ्यावरची नजर तशीच ठेवली आणि डावा डोळा उघडला. मियाँ थर्माकोल धरून उभा होता. डावा मिटला, मियाँ गेला. उघडला, आला. असं मी कितीतरी वेळा केलं. लहान लेकराला हसवायला करतात तसं. शेवटी त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ‘बस कर, दादा.’

मला त्या वेळी डोळ्याचं दुःख झालं नाही, ते नंतर झालं. त्या वेळी मला फक्त वळणावरचा तो रस्ता दिसत होता, सकाळचा, मोकळा.

दुसऱ्या दिवशी नेमकी शूटिंगला सुट्टी होती. मियाँनं मला मोटारसायकलवर मागं बसवून नगरला डॉक्टरांकडे नेलं. माझीच गाडी, आणि मी मागं. तिथं एक यंत्र आहे. पांढऱ्या घमेल्यासारखं काहीतरी असतं, त्यात तोंड घालून एका डोळ्यानं मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठंही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला हसू आलं. जन्मभर मी दुसरं काय केलं होतं? नजर मध्ये, कडा आपोआप. मी मन लावून दाबत राहिलो. बाहेर आल्यावर तिथल्या मुलीला ऐटीत म्हणालो, ‘तुमचं यंत्र डावीकडे दिवेच लावत नाही.’ डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. त्यावर माझ्या उजव्या डोळ्याची चौकट होती, आणि तिच्या डावीकडे शाई सांडावी तसं काळं.

‘काचबिंदू,’ ते म्हणाले. ‘डोळ्यातला दाब हळूहळू मागची नस खातो. दुखत नाही. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून माणसाला कळतही नाही. तुमचा धंदा एका डोळ्याचा, म्हणून सापडलं. गेलेलं परत येणार नाही. थेंब घालून उरलेलं राखायचं.’

‘किती राखता येईल?’

‘बघू,’ ते म्हणाले. पावसाबद्दल विचारल्यावर शेतकरी म्हणतात तसं. मग त्यांनी विचारलं, ‘घरात आणखी कुणाला?’

मी अण्णांचं सांगितलं. मान वाकडी करून बघणं, दाराला घासलेला खांदा. सांगता सांगता सुप्याचं वळणही सांगितलं. ते मला सांगायचं नव्हतं, पण तोंड थांबेना. डॉक्टर ऐकत राहिले. म्हणाले, ‘इतक्या वर्षांपूर्वीचं खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण डावा डोळा आधीच निकामी होत आला असेल आणि उजव्याला तुमच्यासारखंच असेल, तर टेम्पो चालवताना डावीकडचं त्यांना दिसत नसणार.’

‘मग काय दिसत असणार?’

‘जे आजूबाजूला असेल तेच. रस्ता.’

पुढे सिनेमा पूर्ण झाला. मॅडमना मी सगळं सांगितलं, कारण सांगितलं नसतं तर पुढच्या शेळीला मीच जबाबदार ठरलो असतो. त्या म्हणाल्या, ‘बाई मात्र मी काढणार नाही.’ उरलेले दिवस मी डावा डोळा उघडा ठेवून काम केलं. दुपारपर्यंत कपाळ फुटायला यायचं. धंद्यात बातमी लपत नाही. त्यानंतर मला येणारे फोन कमी झालेत, आणि जे येतात ते तब्येतीची चौकशी करून ठेवून देतात. रोज सकाळी चहाच्या आधी मी एक डोळा मिटून खिडकीच्या गजाकडे बघतो आणि शेजारची भिंत आणखी किती आत आली ते बघतो. मुलीलाही तपासून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ती पुण्याला असते, कामात आहे, पुढच्या महिन्यात जाते म्हणते. तिला फोनवर मी विचारलं, दाराबिराला धडकतेस का गं? ती हसली.

पण मला सांगायचंय ते त्या सुट्टीच्या दिवसाचं. डॉक्टरांकडून मी थेट केडगावला घरी गेलो. बायको भाजी आणायला गेली होती. अण्णा खाटेवर बसले होते, दाराकडे तोंड करून.

‘आलास? शुटिंग संपलं?’

‘नाही अण्णा. दवाखान्यात आलो होतो.’

मी त्यांच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. शेळी, बाई, थर्माकोल, घमेल्यासारखं यंत्र. मग मी म्हणालो, ‘अण्णा, सुप्याच्या वळणावर ती बाई होती. पण तुम्हाला ती दिसलीच नसणार. तुम्हाला रस्ता मोकळाच दिसला असणार.’

मला वाटलं होतं ते रडतील, किंवा ‘मी म्हनत न्हवतो का’ म्हणून माझ्यावर खेकसतील. त्याची मी तयारी करून आलो होतो. त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

‘तुजं किती गेलंय?’

‘एका बाजूचं. थोडं.’

‘मंग गाडी नगं चालवू.’

‘नाही चालवत.’

बाहेरून एक दुधाचा टेम्पो गेला, कॅन वाजत. त्यांनी मान त्या बाजूला वळवली, वाकडी, नेहमीसारखी.

‘आरं, मंग मी त्या दिशी पिलेलो न्हवतो?’

‘ते तुम्हीच सांगा अण्णा. मी कसं सांगू?’

‘मला काय म्हाईत?’ ते म्हणाले. ‘मी न्हाईच म्हनत हुतो. पन समदी म्हनली पिलाय. तुजी आई बी म्हनली. मी म्हनलं, इतकी मानसं खोटं बोलत्याल का? मंग म्हनता म्हनता मला वासच याया लागला. माज्या तोंडाचा. अजून येतो. सकाळ झाली की येतो.’

देवळापुढच्या बैठकीनंतर त्यांनी दारूला हात लावलेला नाही, हे मला माहीत होतं.

त्यांनी हाताची ओंजळ तोंडापाशी धरली, तीत श्वास सोडला आणि हुंगला. दुसऱ्यांदा तसंच केलं. मग ओंजळ माझ्याकडे केली.

‘बग बरं, येतोय का.’

मी वाकलो आणि त्यांच्या ओंजळीत नाक घातलं. चहाचा वास येत होता. तसं मी त्यांना सांगितलं.